घंटी चालूच ठेवली आहे

गौतम,

ई-मेलवरच्या ग्रुपची रीत तूच मला सांगितली होतीस. कोणी गेलं की त्याला जवळून ओळखणाऱ्याने ग्रुपवर त्याच्याविषयी लिहायचं. तू स्वतः तिघांविषयी लिहिलंस. लिहून झालं की मला वाचून दाखवायचास आणि मी विचारायचे, "एवढा चांगला होता का रे तो?" तू म्हणायचास, "आक्का, गेलेल्याची उलटतपासणी करायची नसते." आता तुझ्याविषयी लिहायची पाळी माझ्यावर आली, कारण दुसरं कोणी नाही. पण माणसाविषयी लिहिणं मला येत नाही. माणसाशी बोलणं येतं. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. ग्रुपवरच्यांनी वाचायचं तर वाचावं.

त्यांना अजून माहीत नाही. बारा दिवस आपल्याकडून काही गेलेलं नाही. त्यांना वाटत असेल, यांच्याकडची रेंज गेली. तर मंडळी, रेंज आहे. माझा धाकटा भाऊ गौतम गेला.

कसा गेलास ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. सकाळी सातला चहा घेऊन, संगणकाची, म्हणजे आपल्या यंत्राची, पिशवी खांद्याला लावून तू नेहमीसारखा विहाराच्या गच्चीवर गेलास. आठ वाजले तरी खाली आला नाहीस. शेजारच्या घरची सून सुषमा विहार झाडते, ती धावत आली. "आक्का, मामा वर बसल्याजागी झोपलेत. हाका मारल्या तरी उठत न्हाईत."

मी म्हटलं, "झोपायला तो वर कशाला जाईल?" आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

माझे गुडघे तो जिना चढत नाहीत. मी खाली उभी राहिले. चौघांनी तुला उतरवलं, यंत्र सुषमाने आणलं. झाकण लावलेलं, पिशवीत घातलेलं, पिशवीचा बंदसुद्धा बांधलेला. म्हणजे टपाल घेऊन झालं होतं आणि तू उतरायला निघाला होतास. काम अर्धवट टाकून गेला नाहीस. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं. ते सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं, पण त्याला काहीतरी लिहावं लागतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं बरीच आली. तुझ्या जुन्या नोकरीतले दोघं मुंबईहून आले. त्यांतला एक भाषणात म्हणाला, "गौतम शेवटपर्यंत काळ्या पडद्यावरच पत्रं वाचत राहिला." लोकांना वाटलं तुझे डोळे गेले होते. मग मला उठून सांगावं लागलं.

निवृत्त होऊन तू माझ्याकडे राहायला आलास तेव्हा सोबत दोन पेट्या आणि हे यंत्र होतं. ना फोटो, ना चित्रं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मी विचारलं, "मुंबईत एवढी वर्षं संगणकाच्या खोलीत राबलास, तुला चित्रवालं दिलं नाही कोणी?"

"चित्रवालं पण आहे याच्यात. मला हेच आवडतं."

"का?"

"यात कोणी मध्ये येऊन काही विकत नाही."

हे मला पटलं. माझ्या हातात मोबाइल टिकलाच नव्हता. मोतीबिंदू काढल्यापासून चकाकणारं काही मला बघवत नाही, आणि बोट ठेवावं तिथे भलतंच उघडतं. एकदा पदर सावरताना बोट लागलं आणि तळा गावच्या मावसबहिणीच्या सुनेला तोंड दिसणारा फोन गेला. ती नुकतीच न्हाऊन बाहेर आलेली. ती किंचाळली, मी किंचाळले, फोन पिठाच्या डब्यात पडला. त्यानंतर तू म्हणालास, "आक्का, तुला मी असं लावून देतो की दाबायच्या कळा फक्त पाच."

"आणि सहावी दाबली तर?"

"काही होणार नाही."

"मग एवढ्या ठेवल्यात कशाला?"

लावायला तुला अकरा दिवस लागले. मला वाटलं होतं एखादं बटण फिरवशील. तू मात्र एक लांबलचक फाईल उघडून बसायचास आणि त्यात ओळीवर ओळ लिहायचास. यंत्राने कसं वागायचं ते त्या फाईलमध्ये सांगून ठेवायचं असतं म्हणालास. पत्र कुठून आणायचं, कुठे ठेवायचं, अक्षर केवढं दाखवायचं, कोणती कळ दाबली की काय करायचं. मी तांदूळ निवडत बाजूला बसायचे. तासातासाने तू पडदा माझ्याकडे वळवायचास.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"वाच."

"वाचता येत नाही."

"मग दिसतंय काय म्हणतेस?"

मराठी अक्षरं मोडून यायची. वेलांटी आपल्या अक्षरापासून लांब जाऊन बसायची, जोडाक्षराचे दोन तुकडे व्हायचे. तू चिडायचास, पुन्हा फाईल उघडायचास. शेवटी मीच म्हटलं, राहू दे, मला येतं वाचता. शाळेत मी तुकड्यातुकड्यानेच वाचायला शिकले होते, पुढे ते जुळवायला कोणी शिकवलं नाही. तुला अखंड वाचायची सवय, म्हणून त्रास व्हायचा. मोडकं वाचण्यात मी तुझ्यापुढे होते. ते तुलाही कबूल करावं लागलं.

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तू पाच कळांवर चिकटवलास. पुढे, मागे, उत्तर, पाठव, बंद. बाकीच्या अक्षरांच्या कळा फक्त उत्तर लिहिताना चालायच्या. चुकीची कळ दाबली की किंवा नवं पत्र आलं की यंत्र टुंग करायचं. तू म्हणालास, "ही घंटी बंद करतो, तू दचकतेस."

"मी दचकत नाही."

"बरं, दचकत नाहीस. तरी बंद करतो."

सहीवरून तर आपलं खरं भांडण झालं. प्रत्येक पत्राच्या खाली आपोआप सही येते, ती तू लावलीस: माझं नाव आणि खाली 'इयत्ता चौथी पास'. मी म्हटलं, खोटं आहे, मी परीक्षेला बसलेच नव्हते. तू म्हणालास, बसली असतीस तर पास झाली असतीस. मी म्हटलं, नुसत्या असतीसवर कोणी पास होत नाही. दोन दिवस तू अडून बसलास. मग 'इयत्ता चौथी, परीक्षा दिली नाही' असं केलंस. ग्रुपवरच्यांनो, माझ्या उत्तरांखाली तुम्ही इतके दिवस वाचत आलात ते याच्यामुळे. तुम्हाला तो विनोद वाटायचा, हे मला माहीत आहे.

मंडळी, आमचं घर डोंगराच्या कुशीत, खाडीच्या बाजूला. तिथे रेंज येत नाही. येते ती विहाराच्या गच्चीवर, तीही एका कोपऱ्यात. म्हणून रोज सकाळी गौतम यंत्र तांदळाच्या पिशवीत घालून वर न्यायचा. कळ दाबली की आदल्या दिवशी लिहिलेली सगळी पत्रं जायची आणि आलेली सगळी खाली पडायची. मग घरी आणून दिवसभर निवांत वाचायची. रेंज लागत नाही मग. लिहिलेलं उत्तर रांगेत उभं राहायचं, दुसऱ्या दिवशीच्या फेरीला. आळीतल्या बायका विचारायच्या, "आक्का, टपाल आलं का गो?" आणि मी सांगायचे कुठे पाऊस झाला, कोणाची सून बाळंत झाली. गावात नसलेल्या माणसांच्या बातम्या मी गावाला द्यायचे. ही ऐट मला आवडायची. गौतम, तुला हे कधी सांगितलं नाही.

ग्रुप म्हणजे विहारातल्या फळ्यासारखं, असं तू मला समजावलंस. एकाने लिहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायचं, खाली उत्तर लिहायचं. पूर्वी शेकड्याने माणसं होती, आता आठदहा म्हातारी उरलीत म्हणालास. मी वर्षभर नुसती वाचत होते. मग नागपूरचे ते कालव्यावरचे इंजिनिअर, नमस्कार साहेब, त्यांनी विचारलं की वालाला भुंगा लागतो तर काय औषध घालावं. तीन जणांनी तीन औषधं सांगितली. मला राहवलं नाही. मी लिहिलं, औषध नको, चुलीची राख चाळून घ्या, वाल राखेत घोळवा, मडक्यात भरा, तोंड शेणामातीने बंद करा. त्यावर साहेबांनी दोन पडदे भरून शंका काढल्या. मी उत्तर दिलं, "तुम्ही वाल कधी पेरलेत?" तू वाचून खुर्चीतून पडायचा बाकी होतास. मला वाटलं, आता मला काढून टाकतील. दुसऱ्या दिवशी तू गच्चीवरून उतरताना जिन्यातूनच ओरडलास, "आक्का, साहेबांनी राख चाळली!"

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपल्यालाही काही येतं. हे मी तुझ्यामुळे म्हणते आहे. धन्यवाद वगैरे तुला म्हटलं असतं तर तू ताप आहे का बघितला असतास.

आता नंदाचं. ग्रुपवरच्यांना माहीत नाही म्हणून सांगते, नंदा माझी एकुलती मुलगी, पनवेलला असते, पन्नाशीला आली.

तू जन्मलास तेव्हा मी चौथीत होते. आई शेतावर मजुरीला जायची, तान्ह्या पोराला सांभाळायला घरी कोणीतरी हवं, म्हणून मला शाळेतून काढलं. तुला कडेवर घेऊन मी गावभर हिंडले. नव्या धम्मातलं नाव मिळालेलं घरातलं पहिलं पोर तू, सगळ्यांना तू शिकावास असं वाटायचं. तू शिकलास. त्याचं मला दुःख नाही, तेव्हा मुलींना असंच बसवायचे. पुढे नंदा दहावी झाली. तू मुंबईहून कॉलेजचा फॉर्म घेऊन आलास. म्हणालास, हिला नेतो, माझ्याकडे राहील, शिकेल. माझी सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. नवरा रस्त्याच्या कामावर, मी मजुरीला.

मी म्हटलं, "हिला नेलीस तर म्हातारीचं कोण करणार?"

"बाई ठेवू."

"आपल्यात बाई ठेवतात होय? आपणच जातो दुसऱ्यांकडे बाई म्हणून."

तू खूप बोललास. मी ऐकलं नाही. तू परत गेलास. म्हातारी आणखी चार वर्षं होती आणि ती चारही वर्षं नंदाने तिचं केलं. मग तिचं लग्न लावलं. या विषयावर तू मला पुन्हा बोलला नाहीस आणि मीही काढला नाही.

मागच्या भातकापणीच्या सुमाराला नंदाचं पत्र आलं. माझा पत्ता तूच तिला दिलास. मला वाटलं खुशाली असेल. तिने लिहिलं होतं, "आई, तू ग्रुपवर सही करतेस, परीक्षा दिली नाही. मी पण बारावीची दिली नाही. तुझी मामासाठी राहिली. माझी का राहिली?" मग आणखी एक पत्र आलं, मग आणखी एक. सगळ्यांत तेच.

मी तुला म्हटलं, "हिची पत्रं फेकून दे. मला दिसता कामा नयेत."

"आक्का, उत्तर दे की."

"लाव काय लावायचं ते."

तू फाईल उघडलीस. म्हणालास, "लावायला दोन ओळी लागतात. काढायलाही दोनच खुणा." तू लिहिलंस आणि म्हणालास, "लावलं." त्या दिवसापासून मला नंदाचं पत्र दिसलं नाही. आठवड्यातून एकदा तू विचारायचास, "काढू का त्या ओळी?" आणि मी म्हणायचे, "भात लाव." कधी म्हणायचे, "कोंबड्या कोंड." आपल्या घरातली किती कामं त्या एका प्रश्नामुळे झाली.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होतो. तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "शेंगा सोल."

"आक्का, माझ्यामुळे तुझी शाळा गेली. तू मला कधी बोलली नाहीस."

"तुला काय बोलणार? तू दोन महिन्यांचा होतास."

"आणि तुझी सासू? ती पण दोन महिन्यांची होती?"

मी म्हटलं, "तुला शिकवलं हीच चूक झाली. उलट उत्तरं द्यायला शिकलास."

तू थोड्या शेंगा सोलल्यास, उरलेल्या सुपात तशाच ठेवून उठलास. सकाळी मी चहा दिला. साखर घालायला विसरले होते. तू गुपचूप प्यायलास. मला माहीत होतं साखर नाही, तुलाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. ते आपलं शेवटचं.

नंदा आली. तू तिचा मामा, ती येणारच. पुण्यानुमोदन होईपर्यंत राहिली. आमचं बोलणं एवढंच: "आई, भात किती टाकू?" "मोठ्या टोपात टाक." "एवढा?" "माणसं येतील." ती गेली त्या दिवशी मी एसटीच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे ती म्हणाली, "मामाने मला सांगितलं होतं, तू माझी पत्रं बंद केलीस."

"मग?"

"मग काही नाही. मी लिहितेच. न वाचणाऱ्याला लिहायला बरं पडतं. मध्ये कोणी बोलत नाही."

"मी मध्ये बोलते?"

"हे बघ, बोललीस."

गाडी आली. ती चढली. खिडकीतून हात केला नाही, मीही केला नाही.

घरी आले आणि यंत्र उघडलं. तू आणलेलं शेवटचं टपाल त्यात होतं. ग्रुपवरची चार पत्रं होती, ती वाचली. मग तुझी ती फाईल उघडली. तिच्या नावाआधी टिंब आहे, टिंब असलं की ती यादीत दिसत नाही, नाव पाठ असावं लागतं. तुझ्या शेजारी बसून मला ते पाठ झालं होतं. आत बारीक इंग्रजी ओळी. त्या मला कळत नाहीत. पण मधूनमधून मराठी ओळी होत्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला ती जाळीसारखी खूण. ती खूण तू मला शिकवली होतीस. जाळी लावली की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं. ती माणसासाठी असते, मागून फाईल उघडणाऱ्याला कळावं म्हणून.

मागून उघडणारी मीच. तू लिहिलं होतंस:

# अक्षर मोठे. आक्काचा उजवा डोळा कमी.

# पिवळे अक्षर. पांढरे तिला टोचते.

# सही तिच्या हट्टावरून. माझ्या मते पास.

आणि खाली:

# नंदाची पत्रे. आक्काने फेकायला सांगितली. फेकलेली नाहीत. 'नंदा' नावाच्या कप्प्यात आहेत. बंदी उठवायची तर पुढच्या दोन ओळींआधी जाळी लावणे. मी लावणार नाही. आक्का लावील.

मला राग आला. फेक म्हटलं आणि ठेवलीस. वर तोंड करून 'लावलं' म्हणालास. सुषमा दारात आली होती, ती म्हणाली, "आक्का, कोणाला शिव्या देताय?" मी म्हटलं, "गेलेल्याला." ती आल्या पावली परत गेली.

मग मी कप्पा उघडला. अडतीस पत्रं. पहिल्या पाचसहांत भांडण होतं. पुढे भांडण संपलं आणि ती नुसतीच लिहीत राहिली. जावयाचं पित्त, नळाचं पाणी, नातवाचा पाय मुरगळला. एकात होतं, "तू ग्रुपवर राखेचं सांगितलंस तसे मी वाल ठेवले, भुंगा नाही." म्हणजे ती ग्रुप वाचत होती. मी तिची पत्रं बंद करून बसले होते आणि माझं एकूणएक उत्तर ती वाचत होती.

शेवटचं पत्र तुझ्या शेवटच्या टपालातलं. तू ते गच्चीवर वाचलंस की नाही, कोण जाणे. दोनच ओळी होत्या. "आई, बाकी काही सांगू नकोस. मामा फॉर्म घेऊन आला त्या दिवशी मी कपड्यांची पिशवी भरून दारामागे उभी होते. ती पिशवी तुला दिसली होती का?"

दिसली होती, गौतम. तुझ्याशी बोलताना मी तिच्याकडेच बघत होते. निळी पिशवी, बंद बांधलेला. तू आतल्या दाराकडे पाठ करून बसला होतास, म्हणून तुला दिसली नाही. तुला दिसली असती तर तू उठला नसतास, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तू वळायच्या आत मी बोलणं संपवलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दोन दिवस मी यंत्राला हात लावला नाही. घर सारवलं. तू ठेवलेल्या शेंगा सोलून संपवल्या. आज सकाळी फाईल पुन्हा उघडली आणि जाळ्या लावल्या. ती खूण कुठल्या कळेवर आहे ते शोधण्यातच अर्धा तास गेला, दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. लावून झालं, बंद केलं, पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच चुकीला यंत्राने टुंग केलं. मी केवढ्याने दचकले. फाईल परत उघडून बघितली तर मी दोनऐवजी तीन ओळींना जाळी लावली होती. तिसरी तुझी घंटी बंद करणारी.

नंदाला उत्तर लिहिलं. ते ग्रुपवर नाही, तिचं तिला. काय लिहिलं ते तुला सांगते, आणि तीही हे वाचेलच, म्हणून फरक करत नाही. "नंदा, पिशवी दिसली होती. बघूनही नको म्हटलं. म्हातारीचं करायला माणूस हवं होतं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मी घरी बसले तर ही का नाही, असं मला वाटलं होतं. ते चूक होतं. तुझ्या मामाला तेव्हाच कळलं होतं. आई." खाली सही आपोआप आली, परीक्षा दिली नाही. राहू दिली.

फाईलमध्ये तुझ्या त्या ओळीखाली मी एक ओळ घातली आहे.

# लावली. आक्का.

यंत्र ती वाचणार नाही आणि तूही नाहीस. पण तू लिहून ठेवलं होतंस, त्याला उत्तर राहिलं होतं.

आता ही दोन्ही पत्रं रांगेत आहेत, तिचं पुढे, तुझं मागे. सुषमा म्हणते, "द्या, मी वर नेते." मी तिला म्हटलं, "तू मागे राहा, पडले तर धर." एकवीस पायऱ्या आहेत. तुझी तांदळाची पिशवी घेतली आहे. तू बसायचास त्या कोपऱ्यात बसेन, कळ दाबेन आणि जे यायचं ते येईपर्यंत थांबेन. आज आलं नाही तर उद्या पुन्हा चढेन.

तिसऱ्या ओळीची जाळी काढलेली नाही. पत्र आलं की वाजेल. दचकेन. मी दचकते, गौतम. तुझं बरोबर होतं.